सक्ती करा, पण आधी भिंतीला खुंट्या ठोका

प्रश्न थोडक्यात असा. कुपवाडच्या एका ताईंची मुलगी सातवीत आहे आणि रोज सायकलवरून विश्रामबागेतल्या शाळेत येते. शाळेच्या पालक-शिक्षक संघापुढे ठराव आलाय: सायकलवरून येणाऱ्या प्रत्येक मुलाला जूनपासून हेल्मेट सक्तीचं. काही पालक म्हणतात, हा अतिरेक आहे, आम्ही कधी घातलं होतं? काही म्हणतात, शाळेने कशाला, सरकारनेच कायदा करून दंड लावावा. ताई विचारतात, मी हात कुणाच्या बाजूने वर करू?

मी सांगलीत गेली २७ वर्षं शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. शाळा कुठलीही असो, सायकल स्टँड पीटीच्या सरांच्याच गळ्यात पडतो. तसा तो माझ्याही पडला आणि हेल्मेटसक्तीचा प्रयोग मी दोनदा केला. पहिल्यांदा फसला, दुसऱ्यांदा टिकला, अजून टिकून आहे. म्हणून माझं उत्तर सरळ देतो. ताई, ठरावाच्या बाजूने हात वर करा, पण त्यात एक अट घालून घ्या. हेल्मेट ठेवायला जागा, ते डोक्यावर नीट बसतंय का हे बघायला माणूस, आणि ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी शाळेचं हेल्मेट, एवढं शाळेने आधी करायचं, मगच सक्ती सुरू. आणि मूल हेल्मेटशिवाय आलं तर शिक्षा मुलाला नाही. हे लिहून घेतलं नाही तर दिवाळीपर्यंत तुमच्या शाळेत हेल्मेटही दिसणार नाहीत आणि सायकलीही. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

आधी, हेल्मेट हवंच कशाला, ते सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळा सुटली होती, आठवीतला एक मुलगा फाटकातून बाहेर पडला. दप्तर हँडलला अडकवलेलं. पन्नास पावलं गेला नसेल, तोवर दप्तराचा पट्टा पुढच्या चाकाच्या तारांत गेला, चाक जागच्या जागी थांबलं आणि पोरगं हँडलवरून पुढे फेकलं गेलं. ना मोटार, ना ट्रक, ना खड्डा. वेग म्हणाल तर पळणाऱ्या पोराएवढा. डोकं कानाच्या वरच्या बाजूला रस्त्यावर आपटलं. उठून बसला, कपडे झटकले, “काही नाही झालं सर” म्हणाला. टेंगूळ आलं होतं, रक्तसुद्धा नव्हतं. पाऊण तासाने उलट्या सुरू झाल्या आणि बोलता बोलता डोळे मिटायला लागला. मिरजेला नेलं. कवटीच्या आत रक्त साठत होतं. त्याच रात्री ऑपरेशन झालं आणि मुलगा वाचला. पण पुढचं वर्षभर फळ्यावरचं वाक्य वहीत उतरवताना तो अर्ध्यात थांबायचा आणि पुन्हा फळ्याकडे बघायचा. त्याची आई मधल्या सुट्टीत डबा घेऊन व्हरांड्यात बसून असायची. तो मुलगा आता संसारी माणूस आहे, चांगला आहे. त्याच्या आईचं ते व्हरांड्यात बसणं मात्र माझ्या नजरेसमोरून जात नाही.

इथेच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती हेल्मेटपेक्षाही आधी कळायला हवी. डोक्याला मार लागल्यावर मूल उठून बसलं, बोललं, म्हणजे सुटलो असं समजू नका. आत रक्तस्राव होत असला तरी मधला काही वेळ मूल अगदी ठीक वाटू शकतं. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, न जाग येणारी गुंगी, असंबद्ध बोलणं, झटके, डोळ्यांची एक बाहुली मोठी एक लहान, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं किंवा रक्ताळलेलं काही येणं, हातापायात जोर न राहणं, यातलं एक जरी दिसलं तरी वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने मोठ्या दवाखान्यात न्या. वाटेत खायला-प्यायला देऊ नका. आमच्याकडे आता मूल डोक्यावर पडलं की पालकांना फोन जातोच, पोरगं कितीही “नको सर, बाबा रागावतील” म्हणालं तरी.

आता हेल्मेट काय करतं. टीव्हीच्या खोक्यात येतो तो थर्माकोल आठवा. हेल्मेटमधला फोम त्याच जातीचा, पण जास्त घट्ट. वरचं प्लॅस्टिकचं कवच पातळ असतं, खरं काम हा फोम करतो. डोकं आपटलं की तो चिरडतो, आणि चिरडायला जो निमिषभर वेळ लागतो तेवढ्या वेळात डोकं थांबतं. दगडी रस्त्यावर डोकं झटक्यात थांबतं, फोमवर जरा रेंगाळून थांबतं. मेंदूला वाचवतो तो हा रेंगाळणारा क्षण. एकदा चिरडलेला फोम पुन्हा फुगत नाही, म्हणून मोठा मार बसलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी टाकून द्यायचं.

युरोपात सायकल हेल्मेटसाठी ‘ईएन १०७८’ नावाचं मानक आहे. त्याच्या चाचणीत नकली डोक्यावर हेल्मेट चढवून ते सपाट लोखंडी ठोकळ्यावर सेकंदाला ५.४२ मीटर वेगाने आपटतात, म्हणजे ताशी साधारण साडेएकोणीस किलोमीटर. हा वेग दीड मीटर उंचीवरून पडण्याचा आहे. सातवीतली मुलगी सायकलवर बसली की तिचं डोकं रस्त्यापासून जवळपास तेवढंच उंच असतं. म्हणजे माझ्या त्या आठवीतल्या मुलासारखं पडणं, हँडलवरून जाणं, खडीवर घसरणं, कुत्रं आडवं आल्यावर तोल जाणं, नेमक्या याच पडण्यांसाठी हे हेल्मेट बनवलेलं आहे. ट्रकच्या चाकाखाली ते वाचवणार नाही. तसं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे, आणि पालकांना खोटं सांगून सक्ती करू नये असं मला ठामपणे वाटतं.

याच कारणाने एका आकड्याबद्दल बोलतो. सभेत कुणीतरी मोबाइल बघून सांगेल की हेल्मेटमुळे डोक्याच्या ८५ टक्के जखमा टळतात. हा आकडा १९८९ मध्ये अमेरिकेतल्या सिॲटलच्या एका अभ्यासातून आला आणि जगभर फिरला. पुढच्या अभ्यासांत फायदा दिसला, पण इतका नाही, आणि २०१३ मध्ये अमेरिकी सरकारी संस्थांनीही तो आकडा आपल्या माहितीतून काढून टाकला. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तोवरचे चाळीसएक अभ्यास एकत्र तपासले. अपघातात सापडलेल्या सायकलस्वारांपैकी हेल्मेट घातलेल्यांना डोक्याला जखम होण्याची शक्यता जवळपास निम्मी, म्हणजे ५१ टक्क्यांनी कमी निघाली. गंभीर जखमेची ६९ टक्क्यांनी कमी. मानेवर वाईट परिणाम होतो का, हेही त्यांनी पाहिलं, तसं काही आढळलं नाही. मला हे आकडे पुरेसे आहेत. हजार-बाराशे रुपयांची वस्तू मोठी जखम होण्याची शक्यता अर्ध्याहून खाली आणत असेल, तर ८५ चा हट्ट कशाला?

कायद्याचं म्हणाल तर आज भारतात सायकलवर हेल्मेट घालायची सक्ती नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मोटारसायकल-स्कूटरसाठी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट लागतं. सायकल हे मोटार वाहनच नाही, म्हणून ती या कलमाच्या बाहेर. गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की तीच सातवीतली मुलगी वडिलांच्या स्कूटरवर मागे बसली तर कायद्याने हेल्मेट हवं, आणि एकटी सायकलवर निघाली तर काहीच नको. आणखी एक, जे फार जणांना ठाऊक नाही: नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांना दुचाकीवर नेण्यासाठी २०२२ मध्ये केंद्राने जे नियम काढले, त्यात मुलाच्या डोक्यावर बसणारं हेल्मेट सांगितलंय आणि त्याऐवजी ठरावीक मानकाचं सायकल हेल्मेटही चालेल असं म्हटलंय. तेव्हा “सायकल हेल्मेट म्हणजे खेळणं” असं कुणी म्हणालं तर हे दाखवा.

बाहेरच्या देशांकडे बघितलं तर दोन रस्ते दिसतात. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० पासून लहानथोर सगळ्यांना सक्ती केली, मागोमाग बाकीची राज्यं आली, १९९४ मध्ये न्यूझीलंड. स्वीडनने २००५ मध्ये फक्त १५ वर्षांखालच्यांना केली, ऑस्ट्रियाने २०११ मध्ये आणि फ्रान्सने २०१७ मध्ये १२ वर्षांखालच्यांना. मुलांपुरती सक्ती मला पटते. मोठा माणूस आपल्या डोक्याचा विचार स्वतः करू शकतो, नऊ-दहा वर्षांचं मूल करू शकत नाही. त्याला वेगाचा अंदाज येत नाही आणि मित्राने हाक मारली की ते मागे वळून बघतं.

पण ऑस्ट्रेलियाच्या गोष्टीला दुसरी बाजू आहे. कायद्यानंतर मेलबर्नमध्ये सायकली मोजल्या तेव्हा रस्त्यावरची मुलं, त्यातही अकरा-बारा वर्षांवरची, बरीच कमी झालेली दिसली. हेल्मेटमुळे जखमा किती घटल्या आणि सायकल चालवणारेच घटल्यामुळे किती घटल्या, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. तिकडे नेदरलँड्समध्ये मुलं हेल्मेटशिवायच शाळेला जातात आणि तरी सुखरूप पोचतात, कारण तिथे सायकलचा रस्ता वेगळा आहे. तोही आपोआप झाला नाही. १९७० च्या दशकात मुलं मोटारींखाली मरत होती, तेव्हा तिथले आईबाप रस्त्यावर उतरले आणि त्यांनी सरकारला रस्ते बदलायला लावले. आपल्याकडे तसे रस्ते होईपर्यंत डोकं उघडं ठेवा असं मी म्हणणार नाही. पण सक्तीने सायकल सुटू शकते, हा मेलबर्नचा धडा मात्र मी सांगलीत स्वतः शिकलो.

आमचा पहिला प्रयोग असा झाला. जूनच्या पहिल्या आठवड्यात नोटीस लावली, हेल्मेट नसेल तर सायकल आत नाही. कारण योग्य होतं, मनात ती जुनी घटना होती, आणि मला वाटलं होतं की नियम केला की झालं. पहिला पंधरवडा छान गेला. मग एकेक गोष्ट पुढे आली.

हेल्मेट ठेवायचं कुठे? वर्गात साठ मुलं, बाकाखाली दप्तर, डबा, पाण्याची बाटली. हेल्मेट सायकलला अडकवून ठेवलं तर पावसात भिजायचं, चोरीला जायचं, किंवा कुणीतरी त्याचा फुटबॉल करायचं. दुसरी अडचण मला पुरुष म्हणून कधी सुचलीच नसती: वेण्या. आमच्या गणवेशात मुलींना दोन वेण्या दुमडून कानामागे रिबिनीने वर बांधायची सक्ती होती. त्या दोन गाठींवर हेल्मेट बसतच नाही, ते टोपलीसारखं वर तरंगतं. म्हणजे शाळेचा एक नियम पाळायचा तर दुसरा मोडत होता, आणि बोलणी मुलींना बसत होती. तिसरं, पैसे. घरात तिघं शिकणारी असली की हजाराचे तीन हजार होतात. बापाने मग स्वतःचं मोटारसायकलचं जुनं हेल्मेट दिलं, किलोभर वजनाचं, पाचवीतल्या पोराच्या डोक्यावर बादली पालथी घातल्यासारखं.

आणि आम्ही काय केलं? हेल्मेट नसलेल्या मुलांना फाटकाबाहेर उभं केलं. पहिला तास संपेपर्यंत. आज ते आठवलं की मला लाज वाटते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, आणि मूल स्वतःच्या पैशाने हेल्मेट विकत घेत नसतं. चूक आईबापाची किंवा शाळेची, ऊन सोसायचं मुलाने.

परिणाम? मुलं हुशार असतात. काहींनी शाळेजवळच्या किराणा दुकानामागे सायकली लावायला सुरुवात केली, तिथून चालत आत. काही वडापने यायला लागली, रिक्षात दाटीवाटीने, एक पाय बाहेर. काहींना वडील मोटारसायकलवर सोडायला लागले, टाकीवर एक, मागे दोन, कुणाच्याच डोक्यावर काही नाही. बुधगावकडून येणाऱ्या दोन बहिणींची सायकल बंद झाली ती झालीच. त्यांच्या आईने सांगितलं, आता चुलत्याच्या गाडीवर येतात, त्याला वेळ असला तर. त्या मुलींची हजेरी घसरली. सगळ्यात वाईट म्हणजे नववी-दहावीतल्या काही मुलांनी घरून मोपेड आणली. परवाना नसलेल्या मुलाने गाडी चालवली तर कलम १९९अ प्रमाणे पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे तेव्हाच्या पालकांना ठाऊक नव्हतं, आजही फार थोड्यांना आहे. आम्ही ताशी बारा किलोमीटरच्या वाहनावरून मुलांना उतरवलं आणि ताशी पन्नासच्या वाहनावर बसवलं. दिवाळीनंतर मी मुख्याध्यापकांकडे जाऊन नोटीस काढून घेतली.

दुसऱ्या वेळी आम्ही उलट्या टोकाने सुरुवात केली. मे महिन्याच्या सुट्टीत सायकल स्टँडच्या मागच्या भिंतीला सुताराकडून लाकडी पट्ट्या मारून घेतल्या, त्यावर खुंट्या, प्रत्येक खुंटीला नंबर, वर पत्रा. ज्या मुलाची सायकल त्याचा नंबर, तोच खुंटीला आणि तोच हेल्मेटच्या आत मार्करने. चोरी जवळजवळ थांबली. वेणीचा नियम बदलला: सायकलवरून येणाऱ्या मुलींनी एक वेणी मानेवर खाली सोडायची, शाळेत आल्यावर हवी तर वर बांधायची. एवढ्याशा बदलाला तीन सभा लागल्या, पण झाला. मुलींनी हेल्मेट नाकारलं नव्हतं, डोक्यावर न बसणारं हेल्मेट नाकारलं होतं.

माजी विद्यार्थ्यांकडे शब्द टाकला आणि शाळेच्या नावाने वेगवेगळ्या मापांची हेल्मेट घेतली. ज्याच्याकडे नाही त्याला वर्षभरासाठी ग्रंथालयाच्या पुस्तकासारखी वहीत सही घेऊन देतो. यादी कुठे लावत नाही, वर्गात कुणाचं नाव पुकारत नाही, कुणाचं हेल्मेट शाळेचं आणि कुणाचं घरचं हे पोरांनाही कळत नाही. परत आल्यावर आतल्या गाद्या काढून धुतो, कारण उवांची तक्रार आईबाप हमखास करतात आणि ती खरी असते.

आणि शिक्षक. आमच्यातले निम्मे मोटारसायकलवर उघड्या डोक्याने यायचे, हेल्मेट आरशाला लटकवून, चौकात पोलीस दिसला तर घालायला. मी म्हटलं, आधी आपण, मग पोरं. दोघंतिघं रागावले. पण पाचवीतलं मूल फाटकावर काय बघतं? सरांच्या डोक्याकडे बघतं.

शिक्षेचं असं ठरवलं: मूल हेल्मेटशिवाय आलं तर आत घ्यायचं, वर्गात पाठवायचं, संध्याकाळी शाळेचं हेल्मेट घालून घरी पाठवायचं आणि पालकांना फोन करायचा. तीनदा झालं तर पालकांना बोलवायचं. बस्स. सायकल कधीही अडवायची नाही. याने सगळे शंभर टक्के घालतात असं मी म्हणणार नाही. फाटकापासून दूर गेल्यावर काढून हँडलला लावणारे आहेत, मला दिसतात. पण सायकल स्टँड भरलेला आहे.

म्हणूनच पोलिसांनी दंड करावा हे मला मान्य नाही, निदान आज तरी. चौकातल्या पोलिसाने अकरा वर्षांच्या मुलीची सायकल अडवायची, मग काय करायचं? पावती कुणाच्या नावाने फाडायची? दंड ज्याला परवडत नाही त्यालाच जास्त बसतो. त्याच सिॲटलमध्ये, जिथून ८५ चा आकडा आला, २०२२ मध्ये सायकल हेल्मेटचा कायदा मागे घेतला, कारण दंडाच्या पावत्या बेघर आणि कृष्णवर्णीय लोकांनाच प्रमाणाबाहेर फाटत होत्या. तिथेही हेल्मेट वाईट आहे असं कुणी म्हटलं नाही. शाळेचं फाटक ही वेगळी जागा आहे. तिथे मुलाला नावाने ओळखणारा माणूस उभा असतो.

आता माप, कारण चुकीचं हेल्मेट घातलेली मुलं मी रोज बघतो. आपल्याकडे गणवेश घेताना ‘वाढत्या अंगाचा’ घेतात, दोन वर्षं जावा म्हणून. हेल्मेट तसं घेऊ नका. शिवणाची टेप घ्या, भुवयांच्या बोटभर वरून आणि मागच्या उंचवट्यावरून डोक्याचा घेर मोजा. सातवीतल्या मुलांचा घेर बहुधा ५२ ते ५५ सेंटिमीटर भरतो, हेल्मेटवर माप लिहिलेलं असतं, त्यात बसतंय का बघा. मागे चक्री असते ती फिरवून घट्ट करा. पट्टा न लावता मुलाला “नाही नाही” अशी मान हलवायला सांगा, हेल्मेट डोक्याबरोबर फिरलं पाहिजे, मागे राहता कामा नये. पुढची कड भुवईच्या दोन बोटं वर. बहुतेक मुलं ते मागे सरकवून घालतात, कपाळ उघडं, आणि पुढे फेकलं गेल्यावर नेमकं कपाळच आधी लागतं. कानाच्या खाली पट्ट्यांचा व्ही आकार आणि हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील एवढीच जागा. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना आधी उडून जातं.

मोटारसायकलचं हेल्मेट मुलाला सायकलवर घालू नका. जड असतं, कान झाकतं, मागून येणाऱ्या गाडीचा आवाज कळत नाही आणि आपल्या मार्च-एप्रिलच्या उन्हात मूल ते दहा मिनिटांत काढणार. सायकलचं हेल्मेट पाव किलोच्या आसपास असतं, त्याला वारा खेळायला भोकं असतात.

आणि ही सूचना कृपा करून घरी सांगा: सायकलवरून उतरलं की हेल्मेट काढायचं. घसरगुंडीवर, झाडावर, खेळाच्या मैदानातल्या शिड्यांवर हेल्मेट घालून चढायचं नाही. अरुंद फटीतून अंग खाली जातं, हेल्मेट अडकतं आणि मूल पट्ट्याला लटकतं. परदेशात यात लहान मुलं दगावली आहेत. त्यानंतर लहानग्यांसाठी ‘ईएन १०८०’ हे वेगळं मानक आलं, त्यात ओढ बसली की पट्टा आपोआप सुटतो. बालवाडीतल्या मुलांना खुंट्यांपाशी हेल्मेट काढायला लावणं हे आमच्या मावशींचं काम आहे आणि त्या ते चोख करतात.

शेवटी रस्ता. सांगली सपाट गाव, इथे सायकल अंगवळणी पडलेली. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरला कारखान्यांचे गाळप सुरू झाले की मार्चपर्यंत रस्ते बदलतात. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, उसाचे शेंडे दोन्ही बाजूंना हात-हातभर बाहेर, टेपचा आवाज इतका की मागचा हॉर्न चालकाला ऐकू जात नाही, आणि मागे दिवा नाही. पहाटे सहाच्या शिकवणीला निघालेलं मूल अंधारात त्या ट्रॉलीच्या मागे असतं, नाहीतर बाजूला. तिथे हेल्मेट पुरं पडत नाही. मुलांना मी एकच धडा घोटून घेतो: दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला कधी ओलांडायचं नाही, वळणावर त्याच्या डाव्या बाजूला कधी थांबायचं नाही, कारण मागची ट्रॉली आत कापत येते. उशीर झाला तर होऊ दे.

सायकलला मागे, दोन्ही पेडलना आणि हेल्मेटच्या मागच्या बाजूला रेडियम लावा. पन्नास रुपयांत सगळं होतं. ब्रेकचे रबर दर पावसाळ्याआधी बदला. हँडलला दप्तर लावायचं नाही, कॅरिअरला बांधायचं. माझ्या आठवीतल्या त्या मुलाकडे एक पट्टा आणि एक कॅरिअर असतं तर हेल्मेटची वेळच आली नसती. आणि पालक-शिक्षक संघाने हेल्मेटचा ठराव केला की लगेच दुसरा करावा: कारखान्यांना पत्र, ट्रॉल्यांना मागे रेडियम आणि दिवा, आणि शाळा भरायच्या-सुटायच्या तासाभरात शाळेच्या रस्त्याने ऊस वाहतूक नको. आम्ही असं पत्र दिलं तेव्हा एका हंगामात रेडियमच्या पट्ट्या दिसल्या, पुढच्या हंगामात पुन्हा कमी झाल्या. म्हणजे दरवर्षी द्यायला लागतं.

ताई, सभेला जाताना शिवणाची टेप पर्समध्ये टाका. ठराव मंजूर झाला की त्याच बैठकीत, त्याच हॉलमध्ये, आलेल्या मुलांची डोकी मोजायला बसा आणि आकडे एका वहीत लिहा. जूनमध्ये कुठल्या मापाची किती हेल्मेट लागतील आणि भिंतीला किती खुंट्या, हे त्या वहीवरूनच ठरेल.